आमच्या रायफलीचं वय

आमच्याकडं कुठल्याही जुन्या वस्तूचं वय विचारलं की माणूस आधी तुमच्या तोंडाकडं बघतो. किती सांगितलं की हा खूश होईल याचा अंदाज घेतो आणि मग आकडा टाकतो. विहीर असली तर पांडवांनी खणलेली. देऊळ असलं तर एका रात्रीत बांधलेलं. आणि तलवार, भाला, बंदूक असं काही असलं तर ते थोरल्या महाराजांच्या वेळचं. त्याच्या अलीकडं यायला कुणी तयारच नसतो.

आमच्या घरातली रायफल पण अशीच थोरल्या महाराजांच्या वेळची होती. माझा बाप तसं सांगायचा, त्याला त्याच्या बापानं सांगितलेलं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला काय कळतंय? मी पण तेच सांगत होतो. त्या रायफलीचं खरं वय काढायची पाळी एकदा आली, आणि ते वय नीट निघतंय का नाही यावर माझ्या बायकोची घरातली किंमत येऊन अडकली. ती गोष्ट सांगतो.

बायको माझी गेल्या वर्षी गेली. भेटायला येणारी माणसं म्हणतात, "लक्ष्मी होती हो घरची." म्हणू देत. मला ते ऐकून कसंतरीच होतं. लक्ष्मीबिक्ष्मी काही नव्हती. तोंडाळ होती, चपाती जाड लाटायची, आणि हातात घासणी घेतली की तिला जगाचं भान राहायचं नाही. मेलेल्या माणसाला उगंच गोड करून सांगितलं की ते दुसरंच कुणीतरी होऊन बसतं. मला ती होती तशीच पाहिजे. म्हणून हे लिहायला घेतलं, नाहीतर लिहिणं हे काय माझं काम नव्हे.

तिचं माहेर कुरुंदवाडच्या बाजूला, नदीकाठचं. तिकडं घाटावर बसून ओल्या वाळूनं भांडी घासायची सवय. आमचं गाव कोडोलीच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. इथं भांड्याला चुलीतली राख. तिला ते पटलं नाही. "ह्येनं काय निघतंय? नुसतं तोंड पुसल्यागत," म्हणायची. मग तिनं स्वतःचंच काहीतरी काढलं. जुनी वीट फोडून कुटायची, फडक्यातनं गाळायची, त्यात राख आणि वरनं चिंचेचा कोळ. त्या लगद्यानं तिनं काय काय घासलं, विचारू नका. भांडी तर घासलीच, बैलांच्या गळ्यातल्या घंट्या घासल्या, माझ्या सायकलची घंटी घासली. त्या दिवसापास्नं ती घंटी वाजायची बंद झाली ती झालीच.

आणि खंडेनवमीला रायफल घासायची.

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. घरात जेवढं हत्यार असेल तेवढं धुऊन-पुसून पाटावर मांडायचं आणि हळदकुंकू लावून पुजायचं. नांगराचा फाळ, कोयते, खुरपी, बायकांची विळी, सगळं. मधोमध रायफल. हत्यारं धुवायचं काम आमच्या घरात सुनेचं. आज्जीनं केलं, आईनं केलं, आई गेल्यावर हिच्याकडं आलं.

रायफल ठासणीची होती. नळीच्या तोंडातनं दारू भरायची, गजानं ठासायची, मागच्या बारीक नळीला, म्हणजे कानाला, ठिणगी पाडणारी टोपी लावायची, घोडा मागं ओढायचा आणि चाप दाबायचा. नळीच्या आत पिळाच्या खाचा होत्या म्हणून ती रायफल. कुणी बंदूक म्हटलं की आमचा आबा, म्हणजे माझा बाप, भडकायचा.

"बंदूक कावळं उठवायला आसती. ही रायफल हाय."

तिनं शेवटची शिकार कुठली केली ते मात्र आबाला पण माहीत नव्हतं. वर्षातनं तिला एकच काम होतं. दसऱ्याला पालखी शिवेबाहेर गेली की पहिला बार आमच्या रायफलीचा, आणि तो उडाला की मग गावानं आपट्याच्या फांद्यांवर तुटून पडायचं. हा आमच्या घरचा मान. जमिनीचा तुकडा गेला असता तर आबा दोन दिवस जेवला नसता. हा मान गेला असता तर तो उठलाच नसता.

सत्तर सालानंतरची गोष्ट आहे. आबाला मोतीबिंदू झालता. समोरचं माणूस आवाजावरनं ओळखायचा. लायसन माझ्या नावावर करून घ्यायचं ठरलं. गणपती विसर्जन झाल्यावर आम्ही दोघं रायफल पोत्यात गुंडाळून एस.टी.नं कोल्हापूरला गेलो.

कचेरीतला साहेब तरुण होता, पण बोलायला चांगला. त्यानं जुनं लायसन उलटंपालटं बघितलं.

"नंबरच्या जागी नुसती रेघ आहे."

"मग नंबर नसंल," मी म्हटलं.

"रेघ म्हणजे नंबर नाही, असं कुणी सांगितलं? लिहिणाऱ्यानं बघायचा कंटाळा केला असेल. काढा बघू बाहेर."

मी पोतं सोडलं. साहेबानं रायफल खिडकीकडं धरली तर नळीवरनं उजेड उडून त्याच्याच डोळ्यात गेला.

"अरे! एवढी जुनी म्हणता आणि ही तर आरशासारखी आहे."

आबाची छाती फुगली. "सून घासती की आमची! ह्यात बघून कुंकू लावा, एवढी लखलखीत. तिची सासू गेल्यापास्नं दर वर्साला घासती. बाकीच्यांच्या बंदुका बघा जावा, गंजून चाळन झाल्यात."

साहेबानं रायफल टेबलावर ठेवली. "म्हणजे आजोबा, नंबर होता आणि तो घासून गेला, असंच ना?"



साहेब काय वाईट माणूस नव्हता. त्यानं नीट समजावून सांगितलं. नंबर घालवलेलं हत्यार घरात ठेवता येत नाही. ते जमा होतं, वर आणि चौकशी. पण मुळातच नंबर नसला तर गोष्ट वेगळी. फार जुनं, हातानं केलेलं हत्यार असलं तर त्याला नंबर नसतो, मग कचेरीच त्याच्यावर नवा नंबर ठोकून देते.

"तेव्हा ही किती जुनी आहे त्याचा ठाव लागला पाहिजे," साहेब म्हणाला. "आमचा बंदुकीचा मिस्त्री फिरतीवर गेलाय, सोमवारी येईल. तो तपासेल. तोपर्यंत रायफल इथंच राहू दे. तुम्ही पण गावातल्या जुन्या लोकांना विचारून या."

मोकळं पोतं घेऊन आम्ही परत एस.टी.त बसलो. केर्ली मागं पडली. मग आबा एकदम म्हणाला, "पिढ्यान्पिढ्यांची रायफल त्या बाईनं राखंत घातली."

"आबा, आत्ताच तर साहेबापुढं कौतुक करत होता."

"गप बस."

घरी आल्यावर तिनं चहा आणला. "ठेव तितं," आबा म्हणाला, आणि चहावर साय धरली तरी हात लावला नाही. त्या दिवसापास्नं तो तिच्याशी बोलायचा बंद झाला. ती समोर उभी असली तरी मला म्हणायचा, "तिला सांग, कालवण खारट झालंय."

ती मला म्हणायची, "त्यांस्नी सांगा, मीठ त्यांच्याच लेकानं आनलंय."

मी मधी बसून दोघांचं ऐकायचो आणि ते खारट कालवण खायचो.

ही बातमी दाबून ठेवायची तर गावात दाबायला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी चुलता आला. आबाचा चुलतभाऊ. त्याच्याकडं काडतुसाची नवी बंदूक होती आणि पहिल्या बाराच्या मानावर त्याचा लय दिवस डोळा होता.

"दादा, ऐकलं ते खरं काय?" उंबऱ्यावर बसून तो म्हणाला. "सूनबाईच्या हातात ताकद हाय बाबा. लोखंडाचा आकडा खाल्ला! तू काय काळजी करू नगंस. औंदा पैला बार माझ्या बंदुकीचा काढू. नंबर कसा ठळक हाय तिच्यावर, आंधळ्याला बी वाचाय येईल."

आंधळ्याला म्हटल्यावर आबाची मान खाली गेली. स्वयंपाकघरातनं तवा आपटल्याचा आवाज आला.

त्या दिवशी दुपारी मी गोठ्यात वैरण टाकत होतो. ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, चुलत्याला शिव्या देणार. पण ती म्हणाली, "येवढी वरसं घासली. मामंजी मला कवा एकदा चांगली म्हनाले न्हाईत. म्हनाले ते सायबापुढं. आन् ते बी असं."

 मी म्हशीपुढं अजून एक पेंढी टाकली.

सोमवारपर्यंत वय काढायचं होतं. मी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडं गेलो. तो पारावरच असायचा.

"तुमची रायफल? पन्हाळ्याच्या येढ्यातली की ती," म्हातारा म्हणाला. "तुझ्या खापरपणज्यानं पाठीला बांधली आन् तटावरनं उडी मारली."

"मग लागलं नाही?"

"पाय मोडला की. म्हनून तर रायफल वाचली."

याचं त्याच्याशी काय नातं ते मी विचारलं नाही. तिथनं मी वरच्या आळीच्या म्हातारीकडं गेलो. ती आमच्या आज्ज्याच्या वेळची, दात एक नाही पण बोलणं सुपारी फोडल्यागत.

"रायफल व्हय? मी सून म्हनून आले तवा तुझ्या आज्यानं नवीकोरी आनली. गावजेवान घातलंतं."

 म्हातारी सून म्हणून आली म्हणजे साठ-पासष्ट वर्षं. एवढ्या अलीकडची म्हणजे कारखान्यातली, आणि कारखान्यातली म्हणजे नंबर असणारच.

"नीट आठव की म्हातारे. रायफल आणली का बैलगाडी?"

म्हातारीनं डोळे मिटले. "गाडी आसंल बाबा. जेवान चांगलं होतं तेवढं याद हाय."

आबाला विचारलं तर तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "माझा आजा ती खांद्यावर टाकून मळ्यात जायाचा. मी लहान हुतो, त्याचं बोट धरून जायाचो. आजाच्या आदी काय ते मला ठावं न्हाय." पहिल्यांदाच त्यानं थोरल्या महाराजांचं नाव घेतलं नाही. आबाचं वय धरलं, त्याच्या आज्ज्याचं धरलं, तर रायफल ऐंशी-नव्वद वर्षांच्या अलीकडं येत नव्हती. एवढंच काय ते खात्रीचं माझ्या हाताला लागलं. साहेबाला ते पुरलं असतं असं वाटत नव्हतं.

ही इकडं पाण्याला गेली तर विहिरीवरच्या बायकांनी तिला धरलं. एक म्हणाली, "बाई, माझ्या घागरीवर सासूचं नाव हाय, तेवढं घासून घालीव की. तुला साडी घेती." सगळ्या हसल्या. ही पण हसली असणार, ती अशा वेळी मागं राहायची नाही. पण घरी आली ती घागर तशीच डोक्यावर घेऊन उभी राहिली. उतरून ठेवायचं भान नाही. मग एकदम आत गेली आणि भांडी बाहेर काढायला लागली.

आमच्याकडं लग्नात भांडी देतात त्यावर नाव घालतात. कासार छिन्नी-हातोडी घेऊन ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं पाडतो. तिनं आज्जीचा तांब्याचा हंडा आणि आईची घागर माझ्यापुढं ठेवली.

"हात फिरवा."

मी फिरवला.

"लागत्यात का न्हाय अक्षरं बोटाला?"

"लागतात."

"आज्जेसासूबाईंच्या लग्नातला हंडा ह्यो. रोज घासत्यात. तांबं मऊ, तरी नाव तसंच. रायफल लोखंडाची, आन् वर्सातनं एक डाव घासती मी. मग माझ्याच हातानं कसा आकडा जाईल? बोला की!"

"मला पटलं."

"तुमाला पटून काय हुतंय? सायबाला पटाय पायजे."

"सोमवारी सांगतो मी त्याला."

"तुमी नगा सांगू. तुमी मधीच इसरता आन् मग बिडी काढता. मी येती."

आबा आतनं ओरडला, "तिला सांग, बायकांचं काय काम हाय कचेरीत!"

"त्यांस्नी सांगा," ती त्याच्यापेक्षा मोठ्यानं म्हणाली, "गुन्हा माझ्या नावावर हाय तर कचेरीत मीच जानार."

सोमवारी आम्ही तिघं निघालो. आबा पुढच्या सीटवर एकटा, मागं मी आणि ती, आणि तिच्या मांडीवर तांब्याचा हंडा. कंडक्टर आला.

"मावशी, हंड्याचं तिकीट लागंल."

"का? मानूस बसलंय व्हय त्यात?"

सगळी गाडी हसली. आबाची पाठ तेवढी हलली नाही.

बंदुकीचा मिस्त्री म्हणजे मला वाटलं होतं कोणीतरी काळ्या हाताचा माणूस असेल. तो निघाला पलटणीतनं रिटायर झालेला, मिशा वर वळवलेल्या, आवाज परेडचा. टेबलावर आमची रायफल आणि शेजारी आमचा हंडा बघून तो आधी पोटभर हसला. मग तिचं सगळं ऐकून घेतलं. हंड्यावरच्या नावावरनं स्वतः बोट फिरवलं. मला वाटलं, झालं काम.

"बाई, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण नाव खोल ठोकलेलं असतं आणि तांबं गंजत नाही. लोखंड गंजतं. गंज धरला की तुम्ही तो घासून काढता, म्हणजे वरचं लोखंडच काढता. आकडा उथळ असला तर असा जाऊ शकतो. सावकाश जातो, पण जातो."

"बघा!" आबा म्हणाला. त्याला आनंद झाला का दुःख ते त्यालाच कळलं नसणार.

  ती हंड्यात बघत राहिली. साहेबानं पेन उचललं. तेवढ्यात ती म्हणाली, "सायेब, मग जितं माझा हातच पोचत न्हाय तितं बघा की."

"कुठं?"

"नळीच्या पोटाला. लाकडात बसलीया ती बाजू. तितं मी कवाच घासली न्हाय. माझ्या सासूनं न्हाय, तिच्या बी सासूनं न्हाय."

मिस्त्रीनं मान हलवली. "तेच करणार होतो. छाप, आकडे पुष्कळदा खालच्या अंगालाच असतात. लाकूड सोडवावं लागेल."

आबा उठून उभा राहिला. चाचपडत टेबलापर्यंत आला आणि रायफलीवर हात ठेवला. "न्हाय. उघडायची न्हाय. पुजंतली हाय ती. कुनी उघडली न्हाय आजपत्तर. देवाची कापडं काढताय व्हय, भर कचेरीत?"

"आजोबा, मग जे दिसतंय त्याच्यावर लिहावं लागेल," साहेब म्हणाला. "आणि जे दिसतंय त्याच्यावर ही परत मिळणार नाही."

आबानं हात काढला नाही.  

मग ती आबाशी बोलली. मधी मला न घेता.

"मामंजी, उघडू द्या. आत आकडा निघाला तर मी माझ्या तोंडानं गावात सांगती, माझ्याच हातानं गेली म्हनून. परत पुजंच्या हत्याराला कवा हात लावनार न्हाय. पन बघू तर द्या. बघितल्याबिगर मला चोर करू नगा."

आबाला तिचं तोंड दिसत नव्हतं. तो नुसता तिच्या आवाजाकडं मान करून उभा होता. मिशी चावत होता. मग त्यानं हात उचलला.

"उघडा."

लाकडी दस्त्यातल्या खिळी लवकर निघेनात. मिस्त्रीनं तेल सोडलं, लाकडी हातोड्यानं हळूहळू ठोकलं. शेवटी नळी कर्रर्र करत लाकडातनं वर आली. खालच्या पन्हळीत तांबडाकाळा थर बसला होता, वाळलेल्या शेणकुटासारखा.

"बाई, तुमचा घासायचा चिखल इथपर्यंत आलाय की," मिस्त्री म्हणाला.

"माझा एकटीचा न्हाय. तीन सुनांचा हाय."

त्यानं फडकं घेतलं, भिंग घेतलं, आणि नळीचं पोट या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायला लागला. आबा माझा दंड धरून सारखा विचारत होता, "काय दिसतंय? काय दिसतंय रं?" मला पण काय दिसणार? काळं लोखंड. ती मात्र बघतच नव्हती. पदराचं टोक दातात धरून खिडकीबाहेर बघत होती.

"आकडा नाही," मिस्त्री म्हणाला. "कधी नव्हताच."

मग तो आम्हाला जवळ बोलावून दाखवायला लागला. खालच्या अंगाला हातोड्याचे घाव तसेच होते. तापलेली पट्टी गुंडाळून, ठोकून नळी केलेली. तो सांधा दोरीच्या पिळागत वळत गेलेला दिसत होता. कारखान्यातली नळी अशी नसते म्हणाला. लोहाराची खूण म्हणून एक लहान पान ठोकलेलं होतं. आणि मागच्या बाजूला एक जुनं भोक बुजवलेलं.

"हे बघा. आधी ही चकमकीवर उडायची. नंतर टोपी आली तेव्हा हे भोक बुजवून दुसरीकडं कान बसवला. आतल्या खाचा पण हातानं पाडल्यात, सारख्या नाहीत. शंभरच्या पुढं आहे. सव्वाशे धरा. इकडच्याच कुणा लोहाराची. हात चांगला होता त्याचा."

"सव्वाशेच?" आबा म्हणाला.

"सव्वाशे."

"थोरल्या महाराजांच्या येळची न्हाय?"

"नाही हो."

"इंग्रजाची बी न्हाय?"

"नाही. तुमच्या-आमच्यातल्याच कुणीतरी केलेली आहे."

आबा खुर्चीवर बसला. तेवढ्या वेळात त्याचं केवढं तरी राज्य गेलं होतं. पण रायफल राहिली होती, आणि ते हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. त्यानं नळीच्या पोटावरनं बोट फिरवलं, घाव लागतात तिथं थांबला, परत फिरवलं. आंधळ्या माणसाला त्या दिवशी त्याच्या रायफलीची नवी बाजू सापडली.

साहेबानं कागद केला. मिस्त्रीनं नळी परत बसवली आणि आकड्यांचे ठसे काढले. "नंबर कुठं ठोकू, आजोबा?"

"मला काय इचारता?" आबा म्हणाला. मग जरा थांबून, घसा खाकरून, तिच्या बाजूला तोंड करून म्हणाला, "सूनबाई, कुठं ठोकायचा सांग. घासायचं तुलाच हाय."

तिनं पदर दातातनं सोडला.

"वरच ठोका, दिसंल असा," ती मिस्त्रीला म्हणाली. "आन् जरा खोल ठोका. माझा हात काय हलका व्हायचा न्हाय."

परतीच्या एस.टी.त गर्दी होती. आबाला खिडकीजवळ जागा मिळाली. रायफल त्याच्या दोन्ही पायांमधी उभी. त्यानं स्वतः हिला हाक मारून शेजारी बसवलं, हंड्यासकट. मी दांडीला धरून उभा. समोरच्या एका फेटेवाल्यानं पोत्याकडं बघून विचारलं, "पावणं, काय बंदूक हाय व्हय?"

"रायफल हाय."

"जुनी दिसती. किती वर्साची?"

आबानं तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, आता हा कुठवर जातोय बघू. पण आबा थांबला. कोपरानं हिला ढोसलं आणि म्हणाला, "सांग गं. तुला समदं म्हायती हाय."

मग काय विचारता? तिनं पदर खोचला, हंडा त्या फेटेवाल्याच्या मांडीवर दिला आणि चकमकीपासनं सुरुवात केली. लोहार झाला, पट्टी झाली, बुजवलेलं भोक झालं. गाडीतली माणसं माना वळवून ऐकत होती. आमचा फाटा आला, कंडक्टरनं घंटी मारली, आबा उतरला, मी उतरलो, रायफल उतरली. ती दारात उभी राहून फेटेवाल्याला अजून सांगतच होती. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला.

"सांगू द्या हो तिला," आबा खालनं ड्रायव्हरवर ओरडला. "तुमचं काय पेटलंय काय मागं?"